बिल कोणाच्या नावावर?

अल सद्दच्या मुलांच्या आपत्कालीन केंद्रात रात्री-अपरात्री तापलेले लेकरू खांद्यावर घेऊन कधी ना कधी गेला नाही, असा दोह्यातला मराठी संसार विरळाच. नोंदणीच्या खिडकीवर आधी कार्ड काढावे लागते. कार्डावर आपले नाव असते, राष्ट्रीयत्व असते, आणि त्यावरूनच पुढचा हिशेब ठरतो. यात वावगे काही नाही. जगातल्या सगळ्या इस्पितळांत हेच चालते, फक्त कार्डाचे रूप वेगळे. व्यवसायाने मी संगणकवाला, त्यामुळे फॉर्मवरच्या रकान्यांकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. इस्पितळाच्या फॉर्मवरचा सगळ्यात जुना रकाना आजाराचा नव्हे, 'पैसे कोण देणार' हा असावा अशी मला दाट शंका आहे.

आजार ज्याचा त्याचा असतो, बिल मात्र नात्यावर ठरते. तुम्ही दात्याचे आश्रित, मालकाचे कामगार, राज्याचे नागरिक की कंपनीचे पॉलिसीधारक? गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्या माणसांनी ही चारही नाती पाहिली. प्रत्येक नात्याने कोणाला तरी आत घेतले, आणि एका नात्यातून दुसऱ्यात जाताना मधल्या फटीत सापडलेला माणूस दर वेळी बाहेर राहिला. परदेशी नोकरी करणारे आपण सगळे आज ना उद्या त्या फटीतून जाणार आहोत, म्हणून हा इतिहास जरा सविस्तर सांगावासा वाटतो.

सुरुवात दानापासून. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई लहानपणी गरिबीतून वर आलेले. त्यांनी एक लाख रुपये दिले, कंपनी सरकारने आपली भर घातली, आणि 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेजबरोबर जे. जे. रुग्णालय उभे राहिले. पुण्याचे ससून 1867 चे, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून झालेले. परळचे केईएम 1926 चे. त्याला जोडलेल्या शेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेजच्या देणगीदारांनी तर अट घातली होती की शिकवणारे डॉक्टर हिंदीच असले पाहिजेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी 'जेजेला नेलं' हे वाक्य असे, त्यात बिलाचा उल्लेख कधी नसे. केस पेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे. पैशाऐवजी वेळ मोजायचा, आणि रोजंदारीवरच्या माणसाला तो वेळही स्वस्त नव्हता.

दानाचा हा धागा कायद्यात अजून शिल्लक आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा. त्यात 1985 साली 41 एए हे कलम घातले गेले. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आणि त्यापोटी सवलती घेणाऱ्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, असे ते कलम. कागदावर ते बरीच वर्षे झोपून होते. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि 2006 साली रीतसर योजना ठरली. रुग्णालयाने एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची, हे तेव्हापासूनचे. तरीही 2025 साली पुण्यात एका गर्भवती स्त्रीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून केवढे वादळ उठले, ते आपण सर्वांनी वाचले. दानाच्या व्यवस्थेत रुग्णाला हक्क मागण्याआधी आपली गरिबी सिद्ध करावी लागते. मध्यमवर्गीयाला ते जमत नाही आणि खऱ्या गरिबाकडे दाखला नसतो.

दुसरे नाते मालक-कामगाराचे. त्याचे मूळ जर्मनीत. बिस्मार्कने 1883 साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. कामगाराने वर्गणी भरायची, मालकानेही भरायची. मजेची गोष्ट अशी की सुरुवातीच्या काळात त्या निधीतून डॉक्टरांपेक्षा आजारपणात बुडालेल्या मजुरीपोटी जास्त पैसा जात असे. तेव्हा इस्पितळाला द्यायला फारसे नव्हतेच. प्रतिजैविके नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हते. कुटुंब उघडे पडे ते मजुरी थांबल्यामुळे.

हिंदुस्थानात हा विचार आणणारा माणूस मराठी होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. प्रा. बी. पी. आडारकर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. इंग्लंडमध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल डिसेंबर 1942 मध्ये आला. लगोलग 1943 च्या मार्चमध्ये सरकारने आडारकरांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितले. युद्ध चालू असताना त्यांनी 1944 मध्ये अहवाल दिला. पुढे त्यांना 'छोटा बेव्हरिज' म्हटले गेले. त्यांच्या आराखड्याला धरूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. प्रत्यक्ष सुरुवात 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत झाली, मुंबईत 1954 साली. परळचे कामगार विम्याचे महात्मा गांधी रुग्णालय त्याच वंशातले.

आडारकरांच्या योजनेतली मोठी गोष्ट म्हणजे ती सक्तीची होती. धडधाकट तरुण कामगारानेही वर्गणी भरायची आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्यानेही भरायची. बऱ्या माणसाच्या पैशातून आजाऱ्याचे बिल निघते. ऐच्छिक विम्यात बरा माणूस बाहेर राहतो, आजारी तेवढा आत येतो, आणि हप्ता चढत जातो. गणित शिकलेल्या कोणालाही हे पटेल. पण याच योजनेने रेषाही आखली. कायद्याने हंगामी कारखाने वगळले. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग हंगामी, साखर आणि गूळही हंगामी. म्हणजे गिरणगावातला विणकर आत, पण ज्या वऱ्हाड-खानदेशातून त्याच्या गिरणीला कापूस येई तिथल्या जिनातला मजूर बाहेर. ऊसतोड्याचा तर प्रश्नच नव्हता.

आत असलेल्यांनाही एक अट होती. ईएसआयचा हक्क वर्गणीशी बांधलेला. एका ठरावीक मुदतीत वर्गणी भरली तर पुढच्या मुदतीत लाभ. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबला म्हणजे वर्गणी थांबली. संप महिन्यांवर महिने लांबला तसा पगाराबरोबर आजारपणातला आधारही सुटत गेला, आणि तोही नेमका ज्या वर्षी घरात सर्वांत जास्त गरज होती त्या वर्षी. संपाचा इतिहास लिहिणारे उपासमारीबद्दल लिहितात, गावी परतलेल्या कुटुंबांबद्दल लिहितात. विम्याच्या कार्डाची मुदत संपणे ही त्यामानाने लहान गोष्ट. मला ती लहान वाटत नाही.

त्याच 1982 साली इकडे दोह्यात हमद जनरल रुग्णालय उघडले.

कतारची गोष्ट आपल्या गोष्टीत अगदी पहिल्यापासून मिसळलेली आहे. इथले रुमैला रुग्णालय 1957 मध्ये सुरू झाले तेव्हा कतारच्या बाजारात चालत होता तो हिंदी रुपया! रिझर्व्ह बँकेने 1959 पासून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि कतारने रुपयाची साथ सोडली. दुखान भागातल्या तेलाची निर्यात 1949 च्या अखेरीस सुरू झाली होती. त्याआधी आणि त्यानंतरही खेड, चिपळूण, श्रीवर्धनकडची माणसे आखातात येत होती. आपल्यासारखे पदवीधर पुष्कळ नंतर आले. असो.

हमद मेडिकल कॉर्पोरेशनची स्थापना 1979 ची. तेलाच्या पैशावर उभी राहिलेली ही व्यवस्था आपल्या ईएसआयसारखी वर्गणीची नव्हती, राज्याच्या तिजोरीतून चालणारी होती. लोकसंख्या थोडी असताना परक्या माणसाचे बिलही त्या तिजोरीला जड नसे. पुढे माणसे वाढली. 1996 च्या कायदा क्रमांक 7 ने देशातल्या वैद्यकीय सेवेची घडी बसवली. नागरिकांना उपचार मोफत, इतरांनी हेल्थ कार्ड काढायचे आणि ठरलेले शुल्क द्यायचे. वर्षाला शंभर रियाल देऊन कार्डाचे नूतनीकरण केलेले आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. इतक्या थोड्या पैशात इतकी चांगली सेवा मुंबई-पुण्यात मिळाली नसती, हे कोणीही प्रामाणिकपणे कबूल करील. 2018 मध्ये औद्योगिक वसाहतीत हज्म मुबैरिक रुग्णालय झाले, मुख्यतः कष्टकरी पुरुषांसाठी. त्याचाही उल्लेख करायलाच हवा, कारण आपल्या बंगल्यांच्या भिंती बांधणारी माणसे तिथे जातात.

मग आली 'सेहा'. अरबीत याचा अर्थ आरोग्य, आपल्या परिचयाचा 'सेहत' हा शब्द तिथलाच. 2013 चा सामाजिक आरोग्यविम्याचा कायदा, योगायोगाने त्याचाही क्रमांक 7. राष्ट्रीय आरोग्यविमा कंपनी निघाली. जुलै 2013 मध्ये बारा वर्षांवरील कतारी स्त्रियांचे प्रसूती आणि स्त्रीरोग उपचार तिच्याकडे आले, एप्रिल 2014 मध्ये सगळे कतारी नागरिक. पुढच्या टप्प्यांत परदेशी कर्मचारी आणि कामगार यायचे होते. कल्पना मोठी होती. देशात राहणारा प्रत्येक माणूस एकाच विम्याखाली, सरकारी असो की खाजगी, आवडेल त्या दवाखान्यात. पण डिसेंबर 2015 च्या अखेरीस 'सेहा' बंद झाली. आपला टप्पा आलाच नाही.

का बंद झाली? बाहेरून पाहणाऱ्याला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे 2014 च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेले तेल 2015 संपताना चाळीसच्या खाली आले होते. दुसरी गोष्ट विम्याच्या स्वभावातच आहे. रुग्णाला खिशातून काही द्यायचे नाही आणि दवाखान्याला प्रत्येक तपासणीचे पैसे मिळणार, तर तपासण्या वाढतातच. अमेरिकेत रँड या संस्थेने 1974 पासून काही वर्षे हजारो माणसांवर याचा प्रयोग केला. कोणाला सगळे फुकट, कोणाला बिलाचा काही हिस्सा स्वतः भरायला लावला. हिस्सा भरणारे डॉक्टरकडे कमी गेले हे अपेक्षितच होते. लक्षात ठेवण्याजोगे पुढचे आहे. त्यांनी अनावश्यक उपचार टाळले तसे आवश्यकही टाळले. गरीब आणि रक्तदाबाचा विकार असलेल्यांना फुकट उपचारांचा स्पष्ट फायदा झाला. आपल्या कंपनीच्या कार्डावर 'को-पे' किंवा 'डिडक्टिबल' म्हणून जो आकडा छापलेला असतो, त्यामागे हा सगळा वाद आहे. सर्दीसाठी पन्नास रियाल द्यावे लागतात म्हणून माणूस घरी बसला तर ठीक. छातीत दुखत असताना तोच हिशेब करून घरी बसला तर?

त्यानंतरचा कायदा 2021 चा, क्रमांक 22. परदेशी रहिवासी आणि पाहुणे यांना आरोग्यविमा सक्तीचा, आणि नोकरी करणाऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मूलभूत विम्याची जबाबदारी मालकावर, अशी त्याची रचना. पहिली पाळी पाहुण्यांची आली. 1 फेब्रुवारी 2023 पासून येणाऱ्या पाहुण्याला महिन्याला 50 रियालांचा विमा घ्यावा लागला. आई-वडिलांना बोलावणाऱ्या मंडळींना हे पाठ असेलच. हा विमा अपघात आणि तातडीच्या उपचारांचा आहे. बाबांची जुनी मधुमेहाची औषधे त्यात बसत नाहीत, ती बॅगेतूनच यायला हवीत.

नोकरीला विमा बांधण्याची ही पद्धत आली कुठून? 1929 साली डॅलसच्या बेलर रुग्णालयात जस्टिन किंबल नावाच्या प्रशासकाने थकलेल्या बिलांची यादी चाळली. ते पूर्वी शहरातल्या शाळांचे प्रमुख होते, आणि यादीत त्यांना ओळखीच्या शिक्षकांची नावे दिसली. महिना पन्नास सेंट भरा, वर्षात एकवीस दिवसांची इस्पितळाची सोय घ्या, अशी योजना त्यांनी शिक्षकांपुढे ठेवली. ब्लू क्रॉसचा उगम हा. पुढे 1942 मध्ये युद्धामुळे अमेरिकेत पगारवाढ गोठवली गेली, पण विम्यासारख्या सवलतींना मोकळीक राहिली. माणसे टिकवायला मालकांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. युद्ध संपले, प्रथा राहिली, आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांबरोबर जगभर पसरली. आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात, म्हणजे एक खिळा निघाला की सगळे यंत्र बंद. पगार, घर, मुलांची शाळा, राहण्याचा परवाना आणि विमा हे सगळे एकाच खिळ्यावर टांगलेले. अमेरिकेने निदान 1986 मध्ये 'कोब्रा' कायदा करून नोकरी सुटल्यावर साधारण अठरा महिने स्वतःच्या खर्चाने तोच विमा चालू ठेवण्याची सोय केली. आखातात नोकरी सुटली की बहुधा परवान्याबरोबर कार्डही परत जाते. आणि नोकरी असतानासुद्धा कतारच्या 2004 च्या कामगार कायद्याप्रमाणे आजारपणाची रजा दोन आठवडे पूर्ण पगारी, नंतरचे चार आठवडे अर्धपगारी, पुढे बिनपगारी. केमोथेरपी सहा आठवड्यांत संपत नाही. बिस्मार्कच्या काळातला बुडालेल्या मजुरीचा प्रश्न इथे पुन्हा दारात उभा राहतो.

आता मायदेशातले चौथे नाते, पॉलिसीधारकाचे. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 1986 मध्ये 'मेडिक्लेम' आणली. मध्यमवर्गाला प्रथमच खाजगी इस्पितळाची दारे उघडली, पण आधी आपण बिल भरायचे, मग पावत्यांची चळत घेऊन विमा कचेरीत खेटे घालायचे. 'कॅशलेस' हा शब्द 2001-02 च्या सुमारास टीपीए आल्यानंतरचा. पॉलिसीतली सर्वांत जाचक ओळ होती पूर्वीपासूनच्या आजारांची. ज्या आजारासाठी विमा हवा, नेमका तोच वगळलेला!

आखाती माणसाची पंचाईत इथेच होते. तो पस्तीसाव्या वर्षी इकडे येतो तेव्हा ठणठणीत असतो. कंपनीचे कार्ड आहे, मग भारतातल्या पॉलिसीचा हप्ता कशाला, असा विचार करतो. वीस-बावीस वर्षे जातात. साखर येते, रक्तदाब येतो, एखादा स्टेंट पडतो. सगळे उपचार इथल्या कार्डावर व्यवस्थित होतात. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी तो पुण्याला किंवा नाशिकला परततो. विमा कंपनीच्या दृष्टीने तो त्या दिवशी जन्मलेला असतो, फक्त आजारांसकट. ग्रॅच्युइटी म्हणून मिळालेली रक्कम, कायद्याने वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार, बायपासच्या एका बिलात किती उरेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सरकारी बाजूला चित्र बदलते आहे, हे सांगितलेच पाहिजे. महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. 2023 च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली आणि सगळ्या रेशनकार्डधारकांना ती खुली झाली. केंद्राने 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, पाच लाखांचे संरक्षण दिले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून घरचेच. आणि परतणारा अठ्ठावन्न वर्षांचा इंजिनिअर ना सत्तरीत बसतो, ना बहुतेक वेळा त्याच्याकडे चालू रेशनकार्ड असते.

त्याच्या कामाचे नियम वेगळे आहेत, आणि तेही अलीकडेच बदलले. 1 एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने नवी पॉलिसी घ्यायची पासष्ट वर्षांची मर्यादा काढली. पूर्वीच्या आजारांसाठी थांबायची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन केली. सलग पाच वर्षे पॉलिसी चालवली की, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उठला.

यातला तीन वर्षांचा आकडा आपल्या कामाचा. हे घड्याळ पॉलिसी घेतलेल्या दिवसापासून चालते, माणूस भारतात राहत असो वा नसो. भारतातली साधी पॉलिसी सहसा भारतातल्याच इस्पितळात चालते. त्यामुळे इथे असताना तिचा हप्ता भरणे म्हणजे पैसे वाया, असे चहाच्या टेबलावर नेहमी ऐकू येते. त्या हप्त्यातून आपण इस्पितळाची खाट विकत घेत नसतो, घड्याळाला किल्ली देत असतो. सुट्टीवर गेल्यावर वैद्यकीय तपासणी उरकता येते. असलेले आजार मात्र फॉर्मवर स्पष्ट लिहावेत, इथल्या उपचारांचे कागद जपून ठेवावेत, आणि हप्त्याची तारीख चुकू देऊ नये, कारण खंड पडला तर घड्याळ पुन्हा शून्यावर जाण्याची भीती असते. 2029 च्या सुमारास परतायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पुढच्याच सुट्टीत एक सकाळ यासाठी राखून ठेवावी.